गुणाजी घाडींची हजेरी

आमच्या कंपनीत मीटिंग आधी व्हायची की मिनिट्स आधी, असं कुणी विचारलं असतं तर मी डोळे झाकून सांगितलं असतं, मिनिट्स. नऊ वर्षं मीच ती टाईप केली. बोर्डाची मीटिंग गुरुवारी असली की मंगळवारी दुपारपर्यंत तिचा सगळा वृत्तान्त तयार. फक्त सुरू झाल्याची आणि संपल्याची वेळ कोरी ठेवायची. 'सदर विषयावर सविस्तर चर्चा झाली' हे वाक्य तर मी इतकं बडवलंय की डोळे मिटूनही चुकणार नाही. सविस्तर चर्चा म्हणजे काय, तर काजू, चहा आणि शिवदासशेठच्या ब्लडप्रेशरची चौकशी.

कंपनी साकीनाक्याला होती, पंप बनवायची. खाली शेड, वर ऑफिस. मी सुलक्षणा, कंपनी सेक्रेटरी जयवंत सरांची स्टेनो. राहायला असल्फ्याला, म्हणजे पायी वीस मिनिटं. माझे वडील चाळिसाव्या वर्षी वस्तीतल्या विहारात बसून लिहायवाचायला शिकले होते. घरात एकच शिकवण, वाचल्याशिवाय सही करायची नाही. त्यांच्या मुलीने नऊ वर्षं न झालेल्या चर्चा टाईप केल्या हे त्यांना मी कधी सांगितलं नाही. पगार घरी आणायचे, तेवढं ते बघायचे.

बोर्डावर सहा जण. शिवदासशेठ, त्यांची बायको, दोन मुलगे, हे घरचे चार. शेठाणीबाई मीटिंगला कधी आल्याच नाहीत, वही त्यांच्या घरी जायची आणि सही होऊन परत यायची. पाचवे भाऊराव, सरकारी खात्यातून मोठ्या हुद्द्यावरून रिटायर झालेले, पांढरा सफारी घालणारे, अत्यंत गोड बोलणारे गृहस्थ. असल्या सात कंपन्यांच्या बोर्डांवर ते होते आणि सातही ठिकाणी त्यांचं कुणाशी वाकडं नव्हतं. आणि सहावे गुणाजी घाडी, लेथवरचे टर्नर.

घाडीकाका बोर्डावर कसे, तर चौऱ्याऐंशी साली कंपनीत तीन महिने लॉकआऊट झाला होता. तो मिटताना युनियनने करारात घालून घेतलं की बोर्डावर कामगारांचा एक माणूस घ्यायचा आणि पाच वर्षं बोर्ड सहाच जणांचं ठेवायचं. शेठनी हे इतक्या पटकन मान्य केलं की मला तेव्हाच शंका यायला हवी होती. कामगार खुश झाले, गुलाल उधळला, पेढे वाटले. निवड घाडीकाकांची झाली, कारण त्यांच्याबद्दल वाईट बोलणारा माणूस शेडमध्ये नव्हता. देवगडकडचे, धाकटा भाऊ गिरणीत होता तो संपात बसला तो बसलाच, त्याचीही पोरं हेच बघत. सव्वीस वर्षांच्या नोकरीत काकांचा एक खाडा नव्हता. लग्नालासुद्धा मे महिन्याच्या रजेत जाऊन आले होते.

मीटिंगच्या दिवशी काका सकाळी सातला सगळ्यांसारखं कार्ड पंच करायचे, साडेदहापर्यंत लेथवर उभे राहायचे, मग रॉकेलने हात धुऊन, डब्याच्या पिशवीतून आणलेला इस्त्रीचा शर्ट चढवून वर यायचे. बोर्डरूमच्या दाराशी स्टुलावर हजेरीची वही असायची. बाकीचे डायरेक्टर जाता जाता, चहा झाल्यावर, कधी दोन दिवसांनी सही करत. काका आधी सही करायचे, मगच उंबरठा ओलांडायचे. गु-णा-जी घा-डी, एकेक अक्षर ठसठशीत. एकदा वही शिपायाने दुसरीकडे ठेवली होती, तर ती मिळेपर्यंत पाच मिनिटं ते बाहेरच उभे राहिले.

"काका, आत बसा की, वही येईल," मी म्हटलं.

"नको गो बाय. सही नाय तर माणूस इलोच नाय," ते म्हणाले.

मला हसू आलं होतं. काजूची बशी पुढे आली की ते एकच काजू उचलायचे, चावायचे आणि मला हळूच सांगायचे, "हे आमच्याकडचे न्हय." असा आमचा सहावा डायरेक्टर.

शहाऐंशीच्या नोव्हेंबरात जयवंत सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि दार लावून डिक्टेशन दिलं. ठराव असा होता की शेडमधल्या सगळ्या मशिनी एका नव्या कंपनीला वीस वर्षांच्या भाडेपट्ट्याने द्यायच्या. नवी कंपनी दोनशे मैलांवर, मागास भागात, जिथे सरकार कर माफ करतं. तिचे मालक कोण, तर शेठचे दोन मुलगे आणि शेठाणीबाई. मशिनी गेल्या की शेड रिकामी, आणि साकीनाक्याच्या जागेला तेव्हा काय भाव चढत होता ते रस्त्यावरच्या भेळवाल्यालाही माहीत होतं. शेडमधल्या दोनशे ऐंशी माणसांचा ठरावात उल्लेख नव्हता. मी लिहून घेता घेता थांबले.

"सर, हे लोक कुठे जाणार?"

"मी सेक्रेटरी आहे, सुलक्षणा," सर म्हणाले. "ठरावाची भाषा तपासणं एवढंच माझं काम."

सर वाईट नव्हते. दोन मुली, मुलुंडला फ्लॅटचं कर्ज. पण चष्मा पुसत बसायची त्यांची सवय मला ओळखीची होती. काही सांगायचं असलं आणि सांगायची हिंमत नसली की ते चष्मा पुसत.

"एक अडचण आहे," काच पुसता पुसता ते म्हणाले. "ज्या सौद्यात घरच्यांचाच फायदा, त्यात घरच्यांनी मत द्यायचं नसतं. हजर माणसांतही त्यांना मोजायचं नसतं, कायदा आहे तसा. म्हणजे चौघं बाद. उरलेले दोघं हजर असले तरच ही मीटिंग मीटिंग ठरते. भाऊराव येणारच. राहिला घाडी."

"आणि घाडीकाका आले नाहीत तर?"

"तर ठराव होत नाही. एकदा नाही, कितीदाही बोलावली तरी नाही. मग विषय भागधारकांच्या सभेपुढे न्यायचा, पेपरात नोटीस द्यायची. युनियनला कोर्टात जायला तीन-चार महिने मिळतील."

"पण सर, आपण इतकी मिनिट्स..."

"ती कपाटात राहतात. हा ठराव कोर्टात जाईल, सुलक्षणा. ह्याच्या खाली घाडीची खरी सही लागेल." त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "तू हे काही ऐकलेलं नाहीस. जा, टाईप कर."

मी टाईप केलं. मिनिट्ससुद्धा त्याच दिवशी केली, 'सविस्तर चर्चेनंतर ठराव संमत झाला.' बोटं चालत होती. शेठची मला चीड आलीच, पण जास्त चीड त्या चष्म्याची आली. स्वतः बोलायचं नाही आणि बाईच्या तोंडून वदवायचं. तरी रविवारी मी वाकोल्याला गेले.

पाइपलाइनजवळच्या एका खोलीत काका राहत होते. मी अचानक दारात उभी राहिलेली बघून रुक्मिणीकाकू गोंधळल्या, चटई घातली, चहा टाकला. मी काकांना सगळं सांगितलं. दोनदा सांगितलं. ते मांडी घालून ऐकत होते, मध्येच मान हलवत होते आणि शेवटी म्हणाले,

"माका ता समजत नाय. ठराव वायट आसा, तर मी थय जावन वायट आसा म्हणून सांगूक होया. गैरहजर रवान खय विरोध होता?"

"होतो, काका. तुम्ही गेलात की दोन माणसं झाली. दोन झाली की मीटिंग झाली. तुम्ही नाही म्हणाल, भाऊराव हो म्हणतील. ते त्या विषयापुरते अध्यक्ष, बरोबरी झाली की त्यांचं मत दोनदा धरतात. संपलं. तुम्ही गेलाच नाहीत तर ते एकटे बसून काय करणार?"

"म्हणजे मी नसलंय तर ते अडतत?"

"तेच तर सांगतेय."

"असो कायदो कोणी केलो गो? मी बोलल्यान अडाचा नाय आणि गप रवल्यान अडाचा?"

काकू चहा देताना म्हणाल्या, "पोरगी एवढ्या लांबून सांगूक इली ती उगाच काय?" काकांनी चहा संपवून कप खाली ठेवला. मग म्हणाले, "बरा. कामावर येतलंय, पण वर जाणंय नाय."

मला हायसं वाटलं. आणि मग मी ते केलं ज्याचा विचार आला की आजही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. मी म्हटलं, "काका, पण हे मी सांगितलं असं कुणाला कळता कामा नये. कायद्याची ही भानगड शेडमध्ये बोललात तर कुठून आली ते लगेच ओळखतील. आमच्या घरात माझाच एक पगार आहे. युनियनलासुद्धा नको, त्यांच्या खंडूलाही नको."

"कोणाक नाय सांगनंय," काका म्हणाले. "तुका शब्द दिलंय."

गुरुवार उजाडला. शिपायाने काजूच्या बशा भरल्या, स्टुलावर वही ठेवली. अकराला भाऊराव आले, शेठ आणि मुलगे आले. काका आले नाहीत. सव्वाअकरा झाले. शेठनी खाली निरोप पाठवला. शिपाई परत येऊन म्हणाला, "घाडी म्हणतोय, मशिनीवर जॉब चढवलाय, सोडता येत नाही." शेठचा चेहरा लाल झाला. जयवंत सर फाइलीत डोकं घालून बसले होते, पण त्यांचा एक गुडघा टेबलाखाली हलत होता. आणि खरं सांगते, नऊ वर्षांत पहिल्यांदा मला त्या खोलीत बसून आनंद झाला होता.

शेठ काही येडे नव्हते. आमचं नशीबच फुटकं म्हणायचं, दुसरं काय. त्यांनी धाकट्या मुलाच्या कानात काहीतरी सांगितलं आणि तो खाली गेला. पाच मिनिटांत शेडमध्ये बातमी पसरली की वर मशिनी हलवायचा ठराव आहे आणि तुमचा घाडी वर यायला घाबरतोय. अर्धी बातमी खरीच होती, म्हणून तर ती इतकी जोरात पळाली.

मी जिन्याच्या खिडकीपाशी गेले. खाली मशिनी एकेक करून बंद पडत होत्या. खंडू पुढे होता. खंडू म्हणजे युनियनचा शेडमधला पुढारी, पस्तिशीचा, आवाज मोठा आणि मन साफ. त्याने काकांचा हात धरला होता.

"घाडी, वर का जात नाहीस रे? तुला पाठवला कशाला तिथं? काजू खायला?"

काका काहीतरी पुटपुटले.

"जॉब गेला खड्ड्यात! इथं आपली वाट लागतेय आणि तू जॉब सांगतोस? जा आणि तोंडावर सांग त्यांना. का शेठने आधीच तोंड बंद केलंय तुझं?"

सगळे गोळा झाले. कुणीतरी ओरडलं, "घाडीकाका पुढे चला!" लगेच बाकीच्यांनी तीच घोषणा उचलून धरली. काकांनी मान वर करून खिडकीकडे बघितलं. एक शब्द बोलले असते, खंडू, नाही गेलो तरच अडतं, कायदा तसा आहे, सुलक्षणाने सांगितलंय, तर तिथल्या तिथे सगळं फिरलं असतं. मी हात वर करून खुणेने सांगू शकत होते की सांगा, माझं जे व्हायचं ते होऊ दे. मी खिडकीचे गज धरून उभी राहिले. त्यांनी मान खाली घातली, आणि घोषणा देत पन्नास माणसांनी त्यांना जिन्यापर्यंत आणून सोडलं.

दारात आले तेव्हा अंगात मशिनीवरचाच शर्ट होता, हात तेलकट. त्या दिवशी पहिल्यांदा ते वहीकडे न बघता उंबरठ्यावर थांबले. माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "सही करणंय नाय. बोलतंय आणि जातंय." मी मान हलवली. मला वाटलं, चालेल, अजून चालेल.

"या घाडी, या," भाऊराव म्हणाले. "सही करा आणि बसा."

"बसायला नाही आलो, साहेब." वर आले की काका मालवणी खालीच ठेवून येत. "ह्या ठरावाला माझा विरोध आहे, एवढं सांगायला आलो."

"जरूर सांगा. तुमचा हक्कच आहे तो." भाऊराव इतक्या मायेने हसले की एखाद्याला वाटावं, घरचं वडीलधारं माणूस आहे. "पण सहीशिवाय तुम्ही इथे आलातच कुठे? वहीत नाही तो माणूस खोलीतही नाही. मग तुमचा विरोध मी कुणाच्या नावावर लिहू? उद्या तुमचेच लोक विचारतील, घाडी बोलला त्याचा पुरावा काय? मिनिट्समध्ये तर नाव नाही."

भाऊरावांना ते माहीत नव्हतं, पण त्यांनी काकांचीच भाषा वापरली होती. सही नाही तर माणूस आलाच नाही. काकांनी माझ्याकडे बघितलं. मी शॉर्टहँडच्या वहीआडून मान हलवली, नको. त्यांनी खिडकीकडे बघितलं. खाली अंगणात सगळी शेड वर तोंड करून उभी होती.

"मी बोललेलं सगळं लिहाल?" त्यांनी विचारलं.

"शब्द न् शब्द. ही बाई कशासाठी बसलीय?" भाऊराव म्हणाले.

काकांनी पँटला हात पुसले, वही उचलली आणि सही केली. गुणाजी घाडी. 'डी'च्या वेलांटीवर तेलाचा अंगठा उमटला. जयवंत सरांनी घड्याळात बघून मिनिट्समधली कोरी वेळ भरली, अकरा पस्तीस.

मग काका बोलले. बारा मिनिटं बोलले, आणि त्या खोलीत नऊ वर्षांत जे काही खरं बोललं गेलं ते एवढंच. घाटकोपरच्या क्लासमध्ये मी मराठी शॉर्टहँड शिकले होते, कधी कामी आली नव्हती. त्या दिवशी मी शब्द न् शब्द उतरवला.

"शेठ, चौऱ्याऐंशी साली तुम्ही गेटला कुलूप लावलं होतं," ते म्हणाले. "तेव्हा पावसाळा होता. मशिनींना गंज चढेल म्हणून आम्ही वॉचमनच्या हातापाया पडलो. तुम्ही आम्हाला आत घेत नव्हता, तरी दर शनिवारी आमची दोन माणसं आत जाऊन तेल देऊन यायची. तेल आम्ही वर्गणी काढून आणलं होतं. कुलूप उघडलं तेव्हा पहिल्या दिवशी पहिल्या पाळीत सगळ्या मशिनी चालू झाल्या. तुम्ही म्हणालात, कमाल आहे. कमाल नव्हती शेठ, तेल होतं. आता त्या मशिनी तुम्ही मुलांना देताय. द्या, तुमच्या आहेत. पण आम्हाला काय सांगणार? आम्ही त्यांना तेल कुणासाठी दिलं?"

शेठ खिडकीबाहेर बघत होते. थोरला मुलगा काजू निवडत होता. एक क्षण मला वाटलं भाऊराव हलले. त्यांनी खाकरून घसा साफ केला आणि म्हणाले, "फार मनापासून बोललात, घाडी. आता मतदान घेऊ. विरोधात एक. बाजूने मी एक. समान झाल्याने अध्यक्ष म्हणून माझं आणखी एक मत. ठराव संमत. चहा सांगा."

दोन मिनिटं लागली.

दुपारी मी काकांचं सगळं भाषण टाईप करून, साडेतीन पानं, जयवंत सरांपुढे ठेवलं. सरांनी ते वाचलं. अगदी शेवटपर्यंत वाचलं, मग घडी घालून ड्रॉवरमध्ये टाकलं आणि आधीच केलेली मिनिट्स पुढे सरकवली. त्यात एकच फरक केला होता. 'सविस्तर चर्चेनंतर'च्या पुढे 'बहुमताने' असा शब्द.

"सर, शब्द न् शब्द लिहू म्हणाले होते."

"कोण काय म्हणालं ते मिनिट्समध्ये नसतं, सुलक्षणा. काय ठरलं ते असतं." त्यांनी चष्मा काढला आणि पुसायला लागले.

मी तो शब्द टाईप करून दिला. हेही लिहून ठेवते, कारण दुसऱ्या कुणी ते लिहिलेलं नाही.

जानेवारीत ट्रक आले. पोलीस बंदोबस्तात मशिनी उचलल्या गेल्या. युनियन कोर्टात गेली तेव्हा कंपनीच्या वकिलाने ठरावाची प्रत आणि हजेरीच्या पानाचा फोटो दाखल केला. दोनशे ऐंशी माणसांना ठराव कळला नसेल, पण ते पान सगळ्यांना कळलं. घाडीची सही आणि सहीवर घाडीचा अंगठा. जज्ज म्हणाले, कामगारांचा प्रतिनिधी स्वतः हजर होता, मीटिंग कायदेशीर आहे. झालं. ज्यांनी काकांना जिन्यापर्यंत नेऊन सोडलं होतं त्यांनीच सगळं खापर त्यांच्या डोक्यावर फोडलं. घाडी विकला गेला. घाडीला नव्या कंपनीत नोकरी मिळणार. घाडी आधी नाही म्हणत होता ते भाव वाढवायला. एवढं सगळं ऐकूनही काका कुणाला बोलले नाहीत की सुलक्षणाने मला जाऊ नको म्हणून सांगितलं होतं. आणि मीही बोलले नाही, कारण माझी नोकरी अजून होती.

मार्चमध्ये ऑफिससुद्धा हललं आणि मला एक महिन्याची नोटीस मिळाली. सरांनी शिफारसपत्र दिलं, 'विश्वासू आणि मितभाषी.' महिना संपला, आणि गमवायला काही उरलं नाही तेव्हा कुठे मला हिंमत आली. शॉर्टहँडची वही घेऊन मी एका दुपारी गेटवर गेले.

गेटसमोर कामगारांनी मंडप टाकला होता. वकिलाने सांगितलं होतं की आम्ही कामावर यायला तयार आहोत ह्याचा पुरावा म्हणून रोज सकाळी सातला सगळ्यांनी तिथे सही करायची. उद्या कोर्टाने भरपाई म्हणा, नोकरी म्हणा, जे काही दिलं ते ह्याच वहीवरून मिळणार. दोनशे ऐंशीतले सव्वाशे अजून येत होते. वही खंडूच्या मांडीवर होती.

मी त्याला सगळं सांगितलं. वाकोल्याला गेले होते ते, शब्द घेतला होता ते, खिडकीत गप्प उभी राहिले ते. मग शॉर्टहँडची वही उघडून काकांचं भाषण वाचायला लागले. तेलाच्या वर्गणीपर्यंत आले तेव्हा खंडूने हात पुढे करून वही घेतली, उलटसुलट करून बघितली.

"ह्या रेघा आहेत, बाई. ह्यात घाडी कुठंय?"

"ही भाषाच आहे, खंडू. मला वाचता येते."

"तुलाच येते ना? आणि तू कोण? नऊ वर्षं तू त्यांच्यासाठी खोटं टाईप केलंस, आत्ता तूच सांगितलंस. मग हे एक खरं मी कसं मानू?" तो ओरडत नव्हता. ओरडला असता तर बरं झालं असतं. "आणि खरं असलं तर आता कशाला आलीस? तेव्हा खिडकीतून एक हाक मारली असतीस तर मी त्याला पाठवला असता काय वर?"

तो रडत होता की घाम होता मला कळलं नाही. त्याने वही परत दिली. त्याच्या मांडीवरच्या हजेरीत मी वाकून बघितलं. नावं शेडच्या जुन्या मस्टरच्या क्रमाने होती. सतराव्या नंबरवर गुणाजी घाडी, आणि त्यापुढे सगळ्या चौकोनांत, अगदी पहिल्या दिवसापासून, लाल पेनाने एकच शब्द. खाडा. खाडा. खाडा.

"येत नाहीत ते?" मी विचारलं.

खंडूने हनुवटीने रस्त्यापलीकडे दाखवलं. "रोज येतो. सातला येतो, साडेतीनला जातो. पहिल्या दिवशी सही करायला आला होता. मी म्हटलं, तुझ्या सहीने एकदा वाट लागलीय, पुन्हा नको." त्याने हजेरीची वही मिटली. "आता मी करू दिली तरी बाकीचे देणार नाहीत."

रस्त्यापलीकडे, बंद पडलेल्या वेल्डिंगच्या दुकानाच्या सावलीत काका उभे होते. हातात डब्याची पिशवी, अंगात इस्त्रीचा शर्ट. मी रस्ता ओलांडून गेले. मला बघून त्यांना आधी आनंद झाला आणि मग ते एकदम घाबरल्यासारखे झाले.

"खंडूकडे काय बोलत हुतंस गो? त्याका काय सांगलंस नाय मां? तुझी नोकरी जायत."

नोटिशीचं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. कोण सांगणार? त्यांच्याशी कुणी बोलतच नव्हतं. माझ्या पर्समध्ये ती शिफारसपत्राची घडी होती आणि हातात बारा मिनिटांच्या रेघा.

"नाही काका," मी म्हटलं. "काही नाही सांगितलं."

"बरा केलंस. तू आपली संभाळून रव."

बाजूच्या कारखान्याचा साडेतीनचा भोंगा झाला. काकांनी पिशवी ह्या हातातून त्या हातात घेतली, गेटकडे एकदा बघितलं आणि पाळी सुटल्यावर जायचे तसे वाकोल्याच्या बाजूला चालू लागले.